विश्लेषण : वैज्ञानिक तथ्य ‘घडवले’ जाते, म्हणजे ते खोटे असते का? ब्रुनो लातूर यांचे उत्तर काय?

लस सुरक्षित आहे का, पृथ्वी खरोखर तापते आहे का, असे प्रश्न निघाले की मोबाइलवर दोन टोकाची उत्तरे फिरू लागतात. ‘शास्त्रज्ञांनी सांगितले आहे, विषय संपला’ हे एक. ‘शास्त्रज्ञही माणसेच, त्यांनाही पैसा आणि पद हवेच असते, त्यांचे का ऐकायचे?’ हे दुसरे. या दोन्ही उत्तरांत नेमके काय चुकते, हे शोधण्यात फ्रेंच तत्त्वज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ ब्रुनो लातूर यांनी जवळपास पाच दशके घालवली. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या ७५व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. कारकीर्दीच्या पूर्वार्धात त्यांच्यावर विज्ञानाची प्रतिष्ठा घालवल्याचा आरोप झाला. उत्तरार्धात हेच लातूर हवामानशास्त्रज्ञांच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेले दिसले. त्यांचे मत बदलले, की सुरुवातीपासून ते एकच गोष्ट सांगत होते?

कोण होते ब्रुनो लातूर?

२२ जून १९४७ रोजी फ्रान्सच्या बर्गंडी भागातील बोन या गावात त्यांचा जन्म झाला. आडनाव मराठी कानाला ओळखीचे वाटले, तरी आपल्या लातूरशी त्याचा काही संबंध नाही. त्यांचे घराणे वाइनच्या व्यवसायातले. घरची ‘मेझाँ लुई लातूर’ ही पेढी १७९७पासूनची. ब्रुनो मात्र धंद्यात न शिरता तत्त्वज्ञानाकडे वळले. फ्रान्समध्ये अध्यापनासाठी ‘आग्रेगासियाँ’ ही अत्यंत अवघड स्पर्धा परीक्षा असते. १९७२मध्ये तत्त्वज्ञान विषयात ते या परीक्षेत देशात पहिले आले.

पुढे १९८२ ते २००६ या काळात पॅरिसच्या ‘एकोल दे मीन’ या नामांकित अभियांत्रिकी संस्थेत आणि त्यानंतर २०१७पर्यंत ‘सियाँस पो’ या राज्यशास्त्राच्या संस्थेत त्यांनी अध्यापन केले. २०१३मध्ये नॉर्वेचा होलबर्ग पुरस्कार आणि २०२१मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. म्हणजे अध्यापनाच्या कारकीर्दीतील सर्वात मोठा काळ हा तत्त्वज्ञ भावी इंजिनीअरांमध्ये वावरला. त्यांच्या लिखाणात यंत्रे, कुलपे, नकाशे आणि रस्ते इतके का येतात, याचे एक कारण हेही असावे.

आबिजानमध्ये त्यांना काय दिसले?

सक्तीच्या लष्करी सेवेला पर्याय म्हणून लातूर १९७३च्या सुमारास आयव्हरी कोस्टमधील आबिजानला गेले. तेथील फ्रेंच कंपन्यांना स्थानिक अधिकारी नेमणे अवघड जात होते. ते का, हे शोधण्याचे काम फ्रेंच सरकारच्या एका संशोधन संस्थेने त्यांच्यावर सोपवले. फ्रेंच व्यवस्थापकांकडे उत्तर तयार होते. आफ्रिकी माणसाची मानसिकताच तांत्रिक कामाला साजेशी नाही, असे ते सांगत.

लातूर यांनी तंत्रशाळेत जाऊन पाहिले. तेथे अभियांत्रिकी रेखाटन फ्रान्सच्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवले जात होते. पण ज्या इंजिनाचे चित्र काढायचे, त्याला अनेक विद्यार्थ्यांनी कधी हातही लावलेला नव्हता. वस्तू माहीत नसताना तिचा छेद आणि वरचा देखावा काढायचा म्हणजे कोडेच. विद्यार्थी अडखळत, आणि त्याचा दोष त्यांच्या वंशाच्या माथी मारला जाई. खरा दोष शिकवण्याच्या पद्धतीत होता.

यातून लातूर यांना पुढचा प्रश्न सुचला. युरोपीय अभ्यासक आफ्रिकेत येऊन तेथील लोकांच्या श्रद्धा, विधी आणि व्यवहार वहीत टिपतात. तीच वही घेऊन जगातल्या अव्वल प्रयोगशाळेत जाऊन बसले तर?

प्रयोगशाळेत मानववंशशास्त्रज्ञाचे काय काम?

ही संधी त्यांना कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये मिळाली. तेथे रॉजर गिय्येमाँ हे मूळचे बर्गंडीचेच शास्त्रज्ञ मेंदूतील संप्रेरकांवर काम करत होते. १९७५ ते १९७७ या काळात लातूर त्यांच्या प्रयोगशाळेत राहिले. त्यांना तेव्हा ना त्या शास्त्राची माहिती होती, ना इंग्रजी नीट येत होते. अनोळखी वस्तीत शिरलेल्या माणसासारखी त्यांची स्थिती होती, आणि अभ्यासाला तीच उपयोगी पडली.

त्यांना दिसले ते असे. एका बाजूने उंदीर, रसायने, वीज आणि डाक आत येते. दुसऱ्या बाजूने शोधनिबंध बाहेर पडतात. मधली यंत्रे पदार्थाचे रूपांतर आलेखात आणि आकड्यांत करतात. आलेख हाती आला की परीक्षानळ्या धुऊन टाकल्या जातात, पण कागद जपून ठेवला जातो. मग त्या कागदावर वाद होतो. एखादे विधान सुरुवातीला ‘अमुक गटाच्या मते बहुधा असे असावे’ या रूपात येते. ते टिकले तर आधी ‘बहुधा’ गळते, नंतर ‘अमुक गटाच्या मते’ गळते आणि शेवटी पाठ्यपुस्तकातील सरळ वाक्य उरते.

थायरॉइडचे काम सुरू करणाऱ्या साखळीतील ‘टीआरएफ’ या मेंदूतील पदार्थाचा इतिहास त्यांनी असाच उलगडला. हा पदार्थ इतका सूक्ष्म प्रमाणात असतो की गिय्येमाँ यांच्या गटाला त्यासाठी लाखो मेंढ्यांच्या मेंदूचे तुकडे वापरावे लागले. प्रतिस्पर्धी अँड्र्यू शाली डुकरांच्या मेंदूवर काम करत होते. अनेक वर्षांच्या चुरशीनंतर १९६९मध्ये त्याची रचना निश्चित झाली. त्यानंतर टीआरएफ म्हणजे इतर प्रयोगशाळांनी मागवायची एक भुकटी झाली. तिच्यामागचा वाद कोणी आठवत नाही. इंजिनीअर अशा गोष्टीला ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात. आत काय टाकायचे आणि बाहेर काय मिळेल एवढे माहीत असले की पुरते. गिय्येमाँ आणि शाली यांना १९७७चे नोबेल मिळाले. लातूर यांनी ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह वूलगर यांच्यासह लिहिलेले ‘लॅबोरेटरी लाइफ’ हे पुस्तक १९७९मध्ये आले. त्याची प्रस्तावना पोलिओ लसीचे जनक जोनास साल्क यांनी लिहिली.

मग तथ्य बनावट असते का?

इथेच सगळा गोंधळ झाला. पहिल्या आवृत्तीच्या उपशीर्षकात वैज्ञानिक तथ्यांच्या ‘सामाजिक जडणघडणी’चा उल्लेख होता. अनेकांनी त्याचा अर्थ घेतला की शास्त्रज्ञ आपसात ठरवतात आणि त्यालाच सत्य म्हणतात. १९८६च्या आवृत्तीत लेखकांनी ‘सामाजिक’ हा शब्दच काढला. तथ्य घडवण्यात माणसांइतकाच उंदरांचा, रसायनांचा आणि यंत्रांचाही वाटा असतो, आणि ते माणसांच्या मर्जीप्रमाणे वागत नाहीत.

मराठीत ‘बनवलेले’ आणि ‘बनावट’ हे शब्द एकाच धातूतून येतात, पण अर्थ वेगळे आहेत. पूल बनवलेला असतो, म्हणून कोणी त्याला बनावट म्हणत नाही. पूल पक्का की कच्चा, एवढेच विचारतो. तथ्याचेही तसेच, असे लातूर यांचे म्हणणे.

याचे सर्वात बोलके उदाहरण ब्राझीलमधले आहे. १९९१मध्ये ते ॲमेझॉनच्या उत्तर भागात बोआ व्हिस्टाजवळ वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मृदाशास्त्रज्ञांच्या एका तुकडीसोबत गेले. जंगल गवताळ प्रदेशात सरकते आहे की गवताळ प्रदेश जंगल गिळतो आहे, हा त्या तुकडीचा प्रश्न होता. शास्त्रज्ञांनी जमीन दोरा धरून आखली, ठरावीक अंतरावर आणि खोलीवर मातीचे नमुने घेतले. प्रत्येक ढेकूळ एका लाकडी पेटीतील पुठ्ठ्याच्या छोट्या चौकोनात ठेवले. मातीचा रंग छापील रंगपट्टीशी ताडून त्याला सांकेतिक क्रमांक दिला. शेवटी त्या पेटीवरून कागदावर आकृती उतरली.

जंगलापासून कागदापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर काहीतरी गळाले. वास गेला, ओल गेली, वजन गेले. पण काहीतरी मिळालेही. तुलना करता आली आणि निष्कर्ष दूरवर नेता आला. सर्वात महत्त्वाचे म्हणजे ही साखळी उलट दिशेनेही तपासता येते. आकृतीवरून पेटीकडे, पेटीवरून खड्ड्याकडे. एखाद्या निष्कर्षाची विश्वासार्हता या मागे जाता येणाऱ्या साखळीत असते. मधला एक दुवा तुटला की निष्कर्ष लटकतो.

पाश्चर यांच्याकडे त्यांनी वेगळ्या नजरेने कसे पाहिले?

१९८४मध्ये लातूर यांनी लुई पाश्चर यांच्यावर पुस्तक लिहिले. एका प्रतिभावंताने सूक्ष्मजंतू शोधले आणि फ्रान्स बदलला, ही कथा त्यांना अपुरी वाटली. १८८१च्या मे-जूनमध्ये पुयी-ल-फोर या गावातील शेतावर पाश्चर यांनी अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोग केला. लस दिलेल्या मेंढ्या जगल्या, न दिलेल्या मेल्या. पण हा प्रयोग यशस्वी होण्यासाठी शेतालाच काही प्रमाणात प्रयोगशाळा व्हावे लागले. जनावरांचे दोन गट करणे, त्यांच्यावर खुणा करणे, तापमान मोजणे, नोंदी ठेवणे, हे सगळे तेथे न्यावे लागले. लस बाटलीतून निघून गावोगावी पोहोचली ती या शिस्तीसह. स्वच्छतेची चळवळ चालवणारे, पशुवैद्य, शेतकरी आणि सरकारी अधिकारी यांना आपापल्या कारणांसाठी पाश्चर हवे होते. त्या सर्वांच्या जाळ्यातून पाश्चर यांचे बळ उभे राहिले.

याच जाळ्याचा एक धागा मुंबईपर्यंत आला होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९६मध्ये प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे ही लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. तो दूर व्हायला १९०७ उजाडले. लशीचे शास्त्र बरोबर असूनही साखळीतील एका दूषित बाटलीने लोकांचा आणि शास्त्रज्ञाचा केवढा तोटा होतो, हे त्यातून दिसते.

गतिरोधक ‘कर्ता’ कसा होतो?

मिशेल कालोन आणि जॉन लॉ यांच्यासह लातूर यांनी जो विचार मांडला, तो ‘ॲक्टर-नेटवर्क थिअरी’ म्हणून ओळखला जातो. समाज फक्त माणसांचा बनलेला नसतो, वस्तूही त्यात काम करतात, हे त्याचे सूत्र. त्यांचे गाजलेले उदाहरण आपल्याला रोजच भेटते. ‘हळू चालवा’ अशी पाटी लावली तर चालकाच्या सद्सद्विवेकावर भरवसा ठेवावा लागतो. गतिरोधक घातला तर चालक गाडीचे सस्पेन्शन वाचवायला वेग कमी करतो. पोलिसाचे काम काँक्रीटकडे सोपवले जाते. हॉटेलच्या किल्लीला जड लोखंडी गोळा बांधला की पाहुणा ती खिशात घालून निघून जात नाही. नियम आणि नीती अशी वस्तूंमध्ये उतरते. म्हणून कोणती वस्तू कोणी, कशासाठी घडवली, हा राजकीय प्रश्नही होतो.

‘आरामिस’ या पुस्तकात त्यांनी एका फसलेल्या प्रकल्पाची चौकशी केली. पॅरिससाठी लहान, चालकविरहित डब्यांची वाहतूक व्यवस्था आखली होती. डबे एकमेकांना लोखंडी साखळीने न जोडता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोडलेले धावणार होते. जवळपास दोन दशके त्यावर काम झाले आणि १९८७मध्ये प्रकल्प बंद पडला. खून कोणी केला, अशा थाटात पुस्तक चालते. लातूर यांचा निष्कर्ष असा की एकच गुन्हेगार नाही. परिस्थिती बदलत गेली, पण संबंधितांनी आराखड्यावर पुन्हा चर्चा केली नाही. तंत्रज्ञान चांगले आहे म्हणजे ते आपोआप उभे राहील, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

शास्त्रज्ञ त्यांच्यावर का चिडले?

१९९०च्या दशकात अमेरिका आणि युरोपात ‘विज्ञानयुद्ध’ म्हणून ओळखला जाणारा वाद पेटला. १९९६मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी एका विचारपत्रिकेत मुद्दाम निरर्थक लेख छापून आणला आणि मग ती लबाडी स्वतःच उघड केली. पुढच्या वर्षी जाँ ब्रिकमाँ यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी लातूर यांनाही धारेवर धरले.

लातूर यांनी टीकाकारांना हत्यारही पुरवले. इजिप्तचा फॅरो रामसेस दुसरा याच्या ममीच्या तपासणीनंतर त्याला क्षयरोग असल्याचे सांगितले गेले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कोख यांनी १८८२मध्ये शोधला, मग फॅरो त्याने मेला असे कसे म्हणायचे, असा सवाल लातूर यांनी १९९८मध्ये एका लेखात केला. या ठिकाणी टीकाकारांची बाजू बळकट आहे. जंतू असणे आणि जंतूविषयीचे ज्ञान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञानाला इतिहास असतो हे दाखवण्याच्या भरात लातूर यांनी जंतूलाच तारीख लावली. आजही त्यांना खोडून काढताना हे उदाहरण दिले जाते.

पण त्यावरून त्यांचे सगळे काम बाद ठरत नाही. तुमचा वास्तवावर विश्वास आहे का, असे एका शास्त्रज्ञाने त्यांना ब्राझीलमधील बैठकीत गंभीरपणे विचारले होते. लातूर यांना हसू आले. अर्थातच आहे, असे त्यांनी सांगितले. विज्ञानाच्या आत इतकी वर्षे बसून जे पाहिले, त्याने वास्तव अधिक भक्कम दिसते, अशी त्यांची समजूत होती.

२००४मध्ये ते स्वतःच्याच परंपरेवर का उलटले?

अमेरिकेतील राजकीय सल्लागार फ्रँक लुंट्झ यांचे एक टिपण त्या सुमारास उघड झाले होते. हवामान बदलाबाबत वैज्ञानिकांत एकमत झालेले नाही, हा मुद्दा पुढे ठेवत राहा, असा सल्ला त्यात रिपब्लिकन नेत्यांना दिला होता. ‘तथ्य घडवले जाते’ हे वाक्य आता तेलाच्या राजकारणाच्या सोयीचे झाले होते.

२००४मध्ये लातूर यांनी टीकेचे बळ का संपले, असा प्रश्न करणारा गाजलेला लेख लिहिला. प्रत्येक दाव्यामागे छुपा स्वार्थ शोधण्याची सवय आमच्यासारख्या अभ्यासकांनीच विद्यार्थ्यांना लावली का, असे त्यांनी उघडपणे विचारले. कटकारस्थानांच्या कथा रचणारा आणि समाजशास्त्रज्ञ यांच्या बोलण्याची चाल एकसारखी का वाटते, ही त्यांची खंत होती. तथ्य फोडून दाखवण्यापेक्षा ते कोणकोणत्या गोष्टींच्या आधाराने उभे आहे, हे दाखवायला हवे, असा आग्रह त्यांनी धरला.

पुढचे त्यांचे बहुतेक काम हवामान संकटावर आहे. जेम्स लव्हलॉक आणि लिन मार्ग्युलिस यांची ‘गाया’ ही कल्पना त्यांनी एडिनबराच्या २०१३च्या गिफर्ड व्याख्यानांत नव्याने मांडली. सगळी जीवसृष्टी ज्या पातळ थरात जगते, त्या थराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांसोबत ते फिरले. २०१५मध्ये पॅरिस हवामान परिषदेच्या काही महिने आधी विद्यार्थ्यांनी तशीच एक प्रतिपरिषद भरवली. तीत देशांबरोबर महासागर, जंगले आणि माती यांचेही प्रतिनिधी बसवले होते. मानवेतर घटकांना चर्चेत जागा हवी, हे गतिरोधकापासूनचे सूत्र तेथेही होते.

आज त्यांचे म्हणणे कशासाठी महत्त्वाचे?

तथ्य एकदा सिद्ध झाले की ते आपल्या बळावर कायम उभे राहते, हा समज लातूर यांनी खोडला. त्याला मोजणारी उपकरणे लागतात, चुका शोधणारे प्रतिस्पर्धी लागतात, नोंदी जपणारी कार्यालये लागतात आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह माध्यमे लागतात. हे काढून घेतले तर खरे विधानही अफवेच्या शेजारी, तिच्याइतक्याच वजनाचे होऊन बसते. मोबाइलच्या पडद्यावर नेमके हेच घडते. वीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला निष्कर्ष आणि पाच मिनिटांत लिहिलेला फॉरवर्ड एकाच टाइपात, एकाच आकारात दिसतात. मागची साखळी पडद्यावर दिसत नाही.

म्हणून ‘शास्त्रज्ञांनी सांगितले, विषय संपला’ हे उत्तर कमकुवत आहे. उद्या शास्त्रज्ञांनी सल्ला बदलला की असे ऐकलेल्या माणसाला फसवल्यासारखे वाटते. कोविडच्या काळात जगभर हा अनुभव आला. सल्ला बदलणे हा तपासणी चालू असल्याचा पुरावा आहे, हे आधीच सांगितले असते तर विश्वास कमी तुटला असता. ‘शास्त्रज्ञही माणसेच’ हे उत्तरही अर्धेच आहे. माणसेच, पण एकमेकांचे आकडे तपासायला बांधील असलेली माणसे. निष्कर्ष कोठे मोजला, कोणी पुन्हा तपासला, चूक निघाल्यावर काय केले आणि पैसा कोणी दिला, या प्रश्नांची उत्तरे जिथे मिळतात, तिथे विश्वास ठेवायला आधार असतो. जिथे विचारणाऱ्यालाच गप्प केले जाते, तिथे सावध राहावे.

यात सरकारचीही जबाबदारी येते. हवामान केंद्रे, रोगनोंदणी, लशीच्या दुष्परिणामांवरील देखरेख, विद्यापीठांतील मूलभूत संशोधन यांवरचा खर्च कापणे सोपे असते, कारण त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो दिसतो संकट आल्यावर, जेव्हा लोकांना सांगायला आकडा हाती असतो, पण त्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसते. विज्ञानाची पूजा करणाऱ्यांनी आणि त्याला नावे ठेवणाऱ्यांनीही लातूर यांच्यासारखी दोन वर्षे एखाद्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसून पाहिली, तर दोघांचेही मत थोडे बदलेल.